कोणाचे काही देणे ठेवू नका : घर, काम आणि मंडळीत विश्वास जगण्याच्या पायऱ्या

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रेषित पौल आधी कर, जकात, आदर आणि सन्मान ज्याचा त्याला द्यायला सांगतो आणि त्यानंतर प्रीतीचा विषय काढतो. हा क्रम सहज आलेला नसावा. आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समुदायांत, प्रीतीवर पुष्कळ बोलले जाते. परंतु बहिणीला द्यायचा घरातला वाटा, मजुराचा थकलेला रोज, सासूसाठी काढायचा वेळ किंवा दुखावलेल्या भावापुढे द्यायची कबुली यांचा हिशेब बहुधा उपासनेच्या दाराबाहेरच राहतो. दैनंदिन जीवनातला ख्रिस्ती विश्वास याच थकलेल्या देण्यांपाशी पणाला लागतो, असे माझे मत आहे आणि पुढील पायऱ्या त्याच मतावर उभ्या आहेत. नाशिकच्या शरणपूर, नाशिकरोड, देवळाली किंवा सातपूर यांपैकी कुठेही राहणाऱ्या आणि कोणत्याही पंथाच्या चर्चमध्ये जाणाऱ्या कुटुंबाला त्या वापरता येतील.

पहिली पायरी : एकच प्रकरण निवडावे

“मी आता सर्वांशी चांगले वागेन” असा संकल्प उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात केला जातो आणि दुसऱ्या आठवड्यात विरून जातो, कारण त्यात नेमके करण्यासारखे काही नसते. त्याऐवजी एका कागदावर एकाच नात्याचे नाव लिहावे आणि त्याखाली तीन गोष्टी नोंदवाव्यात : मी या व्यक्तीचे काय देणे लागतो, ती माझे काय देणे लागते आणि आम्हा दोघांच्याही हातात नसलेले असे काय आहे. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दुसरे वचन एकमेकांची ओझी वाहायला सांगते, तर पाचवे वचन प्रत्येकाने आपापला भार वाहावा असे सांगते. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन वचनांमधील भेद कागदावर लिहिताना आपोआप उमगतो. नवऱ्याचे दारूचे व्यसन हा पत्नीचा भार नव्हे, परंतु त्यामुळे शाळेची फी थकलेल्या मुलांचे ओझे नातेवाइकांनी आणि मंडळीने वाटून घ्यायला हरकत नाही. पहिल्या रकान्यात एकही ओळ आली नाही, तर कागद बाजूला ठेवून दोन दिवसांनी पुन्हा हाती घ्यावा.

दुसरी पायरी : खरी प्रार्थना आणि पुरेशी झोप

तेराव्या स्तोत्रात केवळ सहा वचने आहेत आणि त्यांपैकी पहिल्या दोनच वचनांत “कोठवर” हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्याच उल्लेखावर संपते; त्यात शेवटी आनंदाचे वळण नाही. ज्या पवित्र शास्त्रात अशा तक्रारींना जागा आहे, त्या शास्त्राच्या वाचकांनी देवापुढे मात्र सगळे छान असल्याचा आव आणावा, हे विचित्र आहे. निवडलेल्या प्रकरणाविषयी जे वाटते ते राग, असूया आणि थकवा यांसह देवापुढे बोलावे. अंबडच्या कारखान्यात तिसरी पाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाकडून तासभराच्या पहाटप्रार्थनेची अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे. त्याने बसमध्ये एक स्तोत्र सावकाश वाचले, तरी त्या दिवसापुरते ते पुरेसे मानावे.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. १ राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला दोनदा भाकर आणि पाणी देतो, आणि मधल्या वेळी त्याला झोपू दिले जाते. देवाचे बोलणे त्यानंतर येते. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल किंवा जगू नये असे वाटत असेल, तर त्याला विश्वासाची उणीव समजू नये आणि डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. औषध घेणाऱ्याला “प्रार्थना वाढवा” असे सुचवणारे हितचिंतक प्रत्येक मंडळीत असतात. त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे आणि गोळी वेळेवर घ्यावी.

तिसरी पायरी : पहिले पाऊल आपणच टाकावे

मत्तयाच्या शुभवर्तमानात या विषयावर दोन सूचना आहेत. पाचव्या अध्यायात (वचने २३ आणि २४) आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला सांगितले आहे. अठराव्या अध्यायात (वचन १५) भावाने आपला अपराध केला असेल, तर त्याच्याकडे एकांतात जायला सांगितले आहे. म्हणजे चूक माझी असो वा समोरच्याची, उठून जायचे मलाच आहे. “त्याने आधी यावे” या वाक्याला दोन्ही ठिकाणी जागा उरत नाही.

कसे जावे, यावर बरेच काही अवलंबून असते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर, लग्नाच्या मांडवात, दफनविधीनंतर घरी जमलेल्या नातेवाइकांसमोर किंवा नाताळच्या जेवणाच्या पंगतीत असा विषय काढू नये. आधी फोन करून वेळ मागावी आणि शक्य असल्यास समोरच्याच्या घरी जावे. मुलांच्या तोंडी निरोप पाठवू नये. पहिले वाक्य आपल्या वाट्याच्या चुकीबद्दल असावे आणि त्याला “पण” जोडू नये. उदाहरणार्थ, धाकटा भाऊ असे म्हणू शकेल : “दादा, बाबांच्या दवाखान्याच्या खर्चावरून मी वहिनींसमोर जे बोललो ते चुकीचे होते. पैशांचा विषय आपल्याला बोलावा लागेल, मात्र आज मी एवढेच सांगायला आलो आहे.” तक्रार आपली असेल, तर घटना, तिचा परिणाम आणि मागणी या तीनच गोष्टी सांगाव्यात. सुनेला सासूशी बोलायचे असेल, तर “आई, पाहुण्यांसमोर भाजीवरून मला बोललात ते मला लागले. आपण दोघीच असताना सांगत जा, मी ऐकेन” एवढे पुरते. “तुम्ही नेहमीच असे करता” हे वाक्य ओठांवर आले, तरी गिळावे. त्यातला “नेहमीच” हा शब्द समोरच्याला जुने अपवाद शोधायला लावतो आणि मूळ गोष्ट बाजूला पडते.

एकट्याने बोलून भागले नाही, तर मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायाच्या पुढच्या वचनात एक-दोघांना सोबत नेण्यास सांगितले आहे. ही माणसे आपली बाजू घेणारी नकोत, दोन्ही घरांत ज्यांचा शब्द ऐकला जातो अशी हवीत. पाळकसाहेब किंवा फादर योग्य वाटत असतील, तर त्यांना आधी विचारावे आणि गुप्ततेची खात्री करून घ्यावी. प्रार्थनासभेत “अमुक बहिणीच्या घरासाठी प्रार्थना करा, तिकडे फार अडचण आहे” अशी विनंती करण्याची आपल्याकडे रीत आहे. तिच्यामुळे जी बातमी एका घरात होती ती पुढच्या रविवारपर्यंत गावभर होते. संबंधित व्यक्तीची परवानगी नसताना तिच्या नावाने प्रार्थनेची विनंती करू नये, असा नियम प्रत्येक प्रार्थनागटाने करून घेणे इष्ट आहे.

चौथी पायरी : वारशाचा वाटा

ख्रिस्ती घरांमधील दीर्घकाळ चाललेले अबोले बहुतांशी घर, जमीन आणि सोने यांवरून सुरू झालेले असतात, म्हणून या पायरीवर अधिक थांबणे भाग आहे. लूकच्या बाराव्या अध्यायात एक माणूस येशूला विनवतो की, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू वाटणी करणारा न्यायाधीश होण्यास नकार देतो आणि ऐकणाऱ्यांना लोभापासून जपायला सांगतो. त्यावरून दोन गोष्टी घेता येतात. धर्मगुरूला वाटणीचा पंच करू नये. आणि वाटणीचे नियम जेथे लिहिलेले आहेत तेथे जाऊन ते वाचावेत.

मरण पावलेली व्यक्ती ख्रिस्ती असेल आणि तिने मृत्युपत्र केलेले नसेल, तर वारसा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याप्रमाणे ठरतो. वडील वारले आणि मागे आई व मुले असतील, तर आईला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना सारख्या हिश्शाने मिळते. मुलगा आणि मुलगी, विवाहित आणि अविवाहित असा भेद त्यात नाही. आधीच वारलेल्या भावाची वा बहिणीची मुले असतील, तर त्यांच्या पालकाचा हिस्सा त्यांच्याकडे जातो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो, ही आसपास नेहमी ऐकू येणारी कल्पना हिंदू कायद्यातील आहे. ती ख्रिस्ती वडिलांच्या मालमत्तेला लागू होत नाही. मात्र मृत व्यक्ती ख्रिस्ती नसेल, तर तिच्या मालमत्तेला तिचा कायदा लागतो. दुसऱ्या पिढीतील ख्रिस्ती कुटुंबांनी आजोबांच्या जमिनीविषयी बोलताना हे ध्यानात ठेवावे.

हे नियम ठाऊक नसल्यामुळे “लग्नात दिलेच होते” या वाक्यावर बहिणीचा वाटा संपवला जातो. तसे करणाऱ्यांनी गणना या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय वाचावा : सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाचे वतन मागतात आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे, असे देव स्वतः सांगतो. बहीण स्वेच्छेने हक्क सोडत असेल, तर तिचा नकार सन्मानाने स्वीकारावा. परंतु तिला तिचा हिस्सा किती आहे हे आधी रकमेत सांगावे, विचार करायला काही आठवडे द्यावेत आणि मगच नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. हिस्सा किती ते कळण्यापूर्वीच घेतलेल्या सहीला संमती म्हणता येत नाही. सातबारा उताऱ्यावरील किंवा शहरातील मिळकत पत्रिकेवरील वारसनोंद लांबणीवर टाकू नये, कारण एका पिढीचा आळस पुढच्या पिढीत संशय होऊन उगवतो.

जिवंत असताना मृत्युपत्र करणे हा भावंडांवर केलेला मोठा उपकार आहे. त्यावर करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या पतीला वा पत्नीला साक्षीदार करू नये. तसे केल्यास त्याला दिलेली देणगी रद्द ठरते. मृत्युपत्र केल्यानंतर विवाह झाला, तर ते मृत्युपत्र आपोआप रद्द होते, हेही पुष्कळांना माहीत नसते.

आईवडिलांच्या हयातीतील देण्याबद्दल मार्कच्या सातव्या अध्यायात फार कडक शब्द आहेत. देवाला अर्पण केले आहे, असे सांगून आईबापांचा सांभाळ टाळणाऱ्यांना येशूने खडसावले. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मंडळीला नियमित देणाऱ्या, परंतु आईच्या औषधांचा खर्च धाकट्या बहिणीवर सोडणाऱ्या माणसाने हा उतारा दर महिन्याला वाचावा.

पाचवी पायरी : उसनवारी आणि जामीन

मंडळीतील ओळखीवर पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे कर्ज देणारी संस्था सरळ त्याच्याकडे वसुलीला येऊ शकते. नीतिसूत्रांचा सहावा अध्याय जामिनात अडकलेल्याला झोपही न घेता स्वतःला सोडवायला सांगतो. दुसरीकडे फिलेमोनाला लिहिताना पौल त्याच्या अनेसिम या दासाचे जे देणे असेल ते माझ्या खात्यावर मांड, मी ते फेडीन, असे स्वहस्ते लिहून देतो. या दोहोंचा मेळ असा बसतो : जी रक्कम स्वतः फेडण्याची तयारी आणि ऐपत आहे तेवढ्याचीच हमी द्यावी आणि सही करण्यापूर्वी पतीने पत्नीला, पत्नीने पतीला विचारावे. नकार द्यायचा असेल, तर तो त्याच दिवशी स्पष्ट द्यावा. “बघू, प्रार्थना करून सांगतो” असे म्हणून टाळणे म्हणजे आपल्या भिडस्तपणाला देवाचे नाव देणे होय.

उसने दिलेले पैसे लिहून ठेवावेत. निफाड तालुक्यातील शेतकऱ्याचा कांदा लासलगावच्या बाजारात पडेल भावाने गेला आणि तो ठरल्या वेळी फेडू शकला नाही, तर नवी तारीख ठरवण्याइतके मन मोठे ठेवावे. त्यानेही तारीख उलटण्यापूर्वीच येऊन परिस्थिती सांगावी. फोन न उचलल्याने जे दुखावते ते पैसे थकल्याने दुखावत नाही.

सहावी पायरी : कामाची जागा

याकोबाच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत असल्याचे म्हटले आहे, तर अनुवाद या पुस्तकाचा चोविसावा अध्याय सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्यायला सांगतो. दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत पेठ आणि सुरगाण्याकडून येणारी कुटुंबे काम करतात. बाग ख्रिस्ती मालकाची असो वा त्याच्या आप्ताची, त्यांचा रोज ठरल्या दिवशी हातात पडणे ही त्या हंगामातली पहिली उपासना आहे. घरकाम करणाऱ्या ताईंच्या पगाराबाबतही हाच नियम. कारखान्यात नोकरी करणाऱ्याने खोट्या नोंदीवर सही करायला नकार द्यायचा असेल, तर तो एकट्याने आणि रागाने न देता आधी वरिष्ठांना लेखी विचारून द्यावा. घरातील माणसांनीही त्याचे परिणाम काय होतील हे त्याच्यासोबत बसून मोजावे.

सातवी पायरी : वेगळ्या श्रद्धेचे आप्त आणि शेजारी

रामकुंड आणि काळारामाच्या या गावात ख्रिस्ती माणूस एकटा जगत नाही. चाळीत गणपतीची वर्गणी येते, रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात, शेजारच्या काकू प्रसादाची वाटी घेऊन येतात. अन्नाविषयी पौलाने १ करिंथकरांस पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत विस्ताराने लिहिले आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दाचे नाही. स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आणि सोबतच्या दुर्बल बंधूचा विचार अशा दोन कसोट्या तो देतो. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, तसेच न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असेही सांगतो. ज्याला प्रसाद घेता येत नाही त्याने “काकू, आमच्यात घेत नाहीत, पण तुम्ही आठवणीने आणलेत, बसा, चहा घ्या” असे म्हणावे. वाटी घेऊन नंतर फेकून देणे मात्र दोन्ही बाजूंनी अप्रामाणिक आहे. सिंहस्थाच्या गर्दीत पाणी द्यावे, वाट चुकलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या माणसांपर्यंत पोहोचवावे आणि त्या वेळी हातात पत्रक देऊ नये. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला इतर धर्मांचे लोक केवढ्या मोकळ्या मनाने येतात, हे आपण दर फेब्रुवारीत पाहतोच.

पतिपत्नींपैकी एकानेच विश्वास स्वीकारला असेल, तर १ करिंथकरांस पत्राचा सातवा अध्याय सोबत राहण्यास राजी असलेल्या जोडीदाराला सोडू नये असे सांगतो. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण येथे बोलके आहे. पतीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पुढे दोघे पुन्हा एकत्र आले आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. मधली वर्षे कोणालाही सोपी गेली नाहीत. आज अशा घरात जोडीदाराच्या देवघराविषयी कुत्सित बोलणे, मुलांना परस्पर बाप्तिस्म्याला नेणे किंवा उपवासाच्या दिवशी मुद्दाम मटण शिजवणे यांतून कोणाचे मन वळते, असे मला कधी दिसलेले नाही.

आठवी पायरी : सहन करण्याची सीमा

मारहाण, धमक्या, घरात कोंडणे, पैसे हिसकावणे आणि मुलांवरील अत्याचार या गोष्टींना वरील तिसरी पायरी लागू होत नाही. मार खाणाऱ्या स्त्रीला “एकांतात जाऊन त्याच्याशी बोला” असे सांगणे धोक्याचे आहे. मलाखीच्या दुसऱ्या अध्यायातील सोळावे वचन सूटपत्राविरुद्ध, म्हणजे घटस्फोटाविरुद्ध, नेहमी उद्धृत होते, परंतु त्याच वचनात जुलमाचाही निषेध आहे आणि तो अर्धा भाग वाचून दाखवला जात नाही. पौलाला फटके मारण्यासाठी बांधले, तेव्हा त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले आणि नंतर कैसराकडे दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय २२ आणि २५). कायद्याचा आधार घेणे म्हणजे विश्वास सोडणे, असे त्याला वाटले नाही.

म्हणून आधी सुरक्षित जागी जावे. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. दुखापतीची वैद्यकीय नोंद करून घ्यावी आणि कागदपत्रे विश्वासू व्यक्तीकडे ठेवावीत. क्षमा ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला वेळ लागू शकतो. क्षमा केली म्हणून त्याच घरात परत गेलेच पाहिजे, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. मंडळीतील वडीलधाऱ्यांनी अशा घरात “समझोता” करण्याची घाई करू नये.

नववी पायरी : मंडळीने काय द्यावे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरची वसाहत उभारली, तेव्हा तेथे प्रार्थनेसोबत हातांना कामही शिकवले गेले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे शिकली. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे पार्थिव घेऊन १८७४ मध्ये इंग्लंडपर्यंत गेला. त्या काळच्या मिशनऱ्यांविषयी टीका करण्यासारखे बरेच आहे, तरी निराधार माणसाला निवारा, शिक्षण आणि कसब द्यावे लागते, हे त्यांना कळत होते. याकोबाचा दुसरा अध्याय उघड्या आणि उपाशी माणसाला नुसते “ऊब घ्या, तृप्त व्हा” म्हणणाऱ्यांची जी खिल्ली उडवतो, ती आपल्या प्रार्थनासभांनाही लागू पडते. नोकरी गेलेल्या घरी दोन महिन्यांचा किराणा, रुग्णासोबत सिव्हिल हॉस्पिटलमध्ये रात्रभर थांबणारी दोन माणसे, परीक्षेच्या काळात मुलांना शिकवणारी एक शिक्षिका अशी नेमकी यादी महिला मंडळाने आणि तरुण संघाने करावी. मदत मागणाऱ्यानेही “आमच्यासाठी प्रार्थना करा” एवढ्यावर न थांबता “मंगळवारी आईला डायलिसिसला न्यायला कोणी येईल का” असे विचारावे.

इतके करूनही समोरची व्यक्ती दार उघडणार नाही, असे होऊ शकते. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील अठरावे वचन शक्य असेल तर आणि आपल्याकडून होईल तितके शांतीने राहायला सांगते. दुसऱ्याच्या वाट्याचा समेट आपण करू शकत नाही. अशा वेळी लग्नाचे, बारशाचे आणि नाताळचे आमंत्रण थांबवू नये, निरोपात जुना विषय काढू नये आणि वर्षातून एकदा पुन्हा भेटीची वेळ मागावी. बहिणीने रागाने वाट्याची रक्कम नाकारली असेल, तर ती खर्चात न घेता वेगळ्या खात्यात ठेवावी, तिला तसे पत्राने कळवावे आणि स्वतःच्या मृत्युपत्रात त्या रकमेचा तिच्या नावासह उल्लेख करावा.